कोब्रा रेप्लिकाच्या बॉनेटला स्कूप: एका बदलाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गाडी म्हणजे फायबरग्लास बॉडीची कोब्रा रेप्लिका, जुन्या कोब्रा स्पोर्ट्स कारची नक्कल. १९६२ साली कॅरोल शेल्बींनी ब्रिटनच्या एसी कार्सच्या हलक्या रोडस्टरमध्ये (उघड्या टपाच्या गाडीत) फोर्डचं व्ही-एट, म्हणजे व्ही आकारात दोन रांगांत आठ सिलिंडर असलेलं, इंजिन बसवलं आणि कोब्रा जन्माला आली. १९६५ पासून आलेली रुंद फेंडरची (चाकांवरच्या बॉडीची) ४२७ नावाची आवृत्ती लोकांच्या डोळ्यांत जास्त भरली, त्यामुळे आजच्या बहुतेक रेप्लिका तिच्यासारख्या दिसतात. मूळ गाडीची बॉडी ॲल्युमिनियमची होती, रेप्लिकांची बहुधा फायबरची असते. प्रत्येक उत्पादकाचा साचा वेगळा असतो. दोन रेप्लिका शेजारी उभ्या केल्या तर सारख्या वाटतात, पण एकीचं बॉनेट दुसरीवर बसेलच असं नाही. पुढे पर्याय निवडताना ही बाब महत्त्वाची ठरली.

या प्रकरणातल्या मालकांनी गाडी अर्धवट अवस्थेत विकत घेतली होती. आधीच्या मालकाने ३०२ घन इंचाचं फोर्ड इंजिन गृहीत धरून सगळी मापं ठरवली होती. नव्या मालकांनी फोर्डचंच ३५१ घन इंचाचं विंडसर इंजिन बसवलं. दोन्ही एकाच घराण्यातली इंजिनं, माउंटिंग (इंजिन बसवायच्या जागा) जुळतात, म्हणून हा बदल किरकोळ वाटला. पण ३०२ ची डेक हाइट, म्हणजे क्रँक या मुख्य फिरत्या दांड्याच्या मध्यापासून ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य सांगाड्याच्या) माथ्यापर्यंतचं अंतर, साधारण ८.२ इंच आणि ३५१ ची ९.५ इंच. सिलिंडरच्या रांगा ४५ अंशांत कललेल्या असल्यामुळे हा १.३ इंचाचा फरक सरळ उभ्या दिशेत सुमारे २३ मिलिमीटर होतो. इंजिनाच्या माथ्यावरचा, हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर आणि त्यावरचा एअर फिल्टर तेवढेच वर सरकले.

माणसं दोनच. मालक स्वतः यंत्रकाम जाणणारे, मापाला पक्के, पण फायबरला कधी हात न लावलेले. दुसरा फायबरचं काम करणारा तरुण कारागीर. तो त्यांना काका म्हणायचा आणि त्यांच्याशी वाद घालायला कचरत नसे. मी सल्ल्यापुरता होतो.

अडचण

तक्रारी तीन होत्या आणि तिन्ही बॉनेटच्या नावावर मांडलेल्या होत्या.

पहिली: जोरात गाडी काढली की पुढून ठक् असा आवाज यायचा. बॉनेटच्या रंगावर मध्यभागाच्या थोडं डावीकडे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या. दुसरी: गाडी तापलेली असताना बंद करून पुन्हा सुरू करायला गेलं की इंजिन पटकन धरत नसे, पेट्रोलचा वास येई आणि बॉनेटखालून गरम हवेचा भपकारा येई. तिसरी: बॉनेट आणि बॉडीमधली फट एका कोपऱ्यात ३ मिलिमीटर, तर दुसऱ्या कोपऱ्यात जवळजवळ ९.

मालकांचं निदान आधीच झालेलं होतं. बॉनेट कापायचं, वर स्कूप (हवेसाठी तोंड असलेला फुगवटा) बसवायचा, मागे काचेजवळ हवा बाहेर पडायला लूव्हर (तिरप्या खाचा) पाडायचे, की फिल्टरला जागा मिळेल, उष्णता निघून जाईल आणि गाडी दिसायलाही भारी दिसेल. नव्वद टक्के लोक असाच विचार करतात आणि तो अर्धा बरोबरही असतो. कोणता अर्धा, हे मात्र कापण्याआधी कळायला हवं.

पहिला निर्णय: कापण्याआधी मोजायचं

कारागिराने एअर फिल्टरच्या झाकणावर खेळण्यातल्या मातीचे छोटे गोळे ओळीने चिकटवले, बॉनेट लावलं आणि मालकांना एक फेरी मारून यायला सांगितलं. गाडी उभी असताना झाकण आणि बॉनेट यांत १४ मिलिमीटर जागा होती. परत आल्यावर उजवीकडचे गोळे जवळपास होते तसेच होते, मधले दबले होते आणि डाव्या कडेचा गोळा चपटा होऊन दोन्ही बाजूंना पसरला होता. तिथे झाकणाचा काळा रंग चंद्रकोरीच्या आकारात घासून खालचा पत्रा चमकत होता.

याचा अर्थ सरळ आहे. व्ही-एट इंजिन जोर लावतं तेव्हा क्रँक ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट ब्लॉक रबरी माउंटवर झुकतो, आणि या इंजिनांत डावी बाजू वर उचलली जाते. उभ्या गाडीत मोजलेलं अंतर म्हणूनच फसवं असतं. इथे माउंट फाटलेला निघाला असता तर काम तिथेच संपलं असतं, म्हणून आधी डावा माउंट काढून पाहिला. रबर शाबूत होतं. म्हणजे उंचीची अडचण खरीच होती.

उष्णतेसाठी वेगळी परीक्षा घेतली. बॉनेटवर आणि फेंडरवर लोकरीचे वीतभर धागे एका टोकाने चिकटपट्टीने लावले, आणि शेजारून दुसऱ्या गाडीतून व्हिडिओ काढला. पुढच्या तिसऱ्या भागात धागे मागे ताणून सपाट बसले होते, तिथे हवा वेगाने पृष्ठभागाला धरून जात होती. काचेजवळच्या पट्ट्यात धागे गोंधळलेले, मध्येच उलटे फिरलेले. येणारी हवा काचेवर आपटून तिथे दाब वाढवते. काही अमेरिकन गाड्यांत मागे तोंड केलेले स्कूप याच दाबाचा फायदा घेऊन इंजिनला हवा देतात. तिथे लूव्हर पाडले तर गाडी चालू असताना गरम हवा बाहेर पडण्याऐवजी बाहेरचीच हवा आत घुसण्याची शक्यता जास्त. गाडी उभी असताना त्यातून ऊब निघेल हे खरं, पण तेवढ्यासाठी बॉनेटच्या सगळ्यात कमकुवत कडेला खिडक्या पाडायच्या का, हा प्रश्न उरतोच.

मग गरम हवा जाते कुठून? मूळ कोब्रात पुढच्या चाकांमागे फेंडरवर पात्यांची जाळी असते, ती याच कामाची. या गाडीवरही जाळी होती. कारागिराने चाक काढून टॉर्च आत धरला आणि हसायलाच लागला. जाळीमागे फायबर अखंड होतं. साच्यातून खाचेचा आकार आला होता, पण तो आरपार कापायचं काम आधीच्या मालकाने केलंच नव्हतं, वरून नुसती पाती स्क्रूने बसवली होती. शिवाय इंजिन आणि फेंडरमधला ॲल्युमिनियमचा आतला पत्राही बंद होता. बॉनेटखाली आलेल्या हवेला गाडीच्या तळाशिवाय वाटच नव्हती.

तीन तक्रारींपैकी दुसरीचा बॉनेटशी संबंध नाही, हे इथे स्पष्ट झालं. माझ्या मते या प्रकरणातला हा सगळ्यात किमती क्षण, कारण इथून पुढे बॉनेटला फक्त उंचीचं काम उरलं.

समोरचे पर्याय

इंजिन खाली बसवणं हा पहिला विचार. ऑइल संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) जमिनीच्या आणखी जवळ जातो, प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटचे कोन बदलतात. तो विचार लगेच सोडला.

बॉनेटच्या मागच्या लॅचखाली (कडीखाली) वॉशर घालून मागची कड उचलणं हा बऱ्याच जणांचा आवडता जुगाड आहे. वर सांगितलेल्या दाबामुळे तो उष्णतेला मदत करत नाही, आणि बॉनेट पुढे बिजागरीवर असल्यामुळे फिल्टरच्या जागी मिळणारी उंची मागे मिळते त्यापेक्षा बरीच कमी असते. दिसायलाही गाडी तोंड उघडून बसल्यासारखी दिसते.

तयार स्कूपवालं बॉनेट विकत घ्यावं, तर साच्यांच्या फरकामुळे फटींचं काम शून्यापासून सुरू.

पातळ फिल्टरचा पर्याय मालकांना खूप पटला होता, कारण त्यात काही कापावंच लागत नव्हतं. बसवलेला फिल्टर १४ इंच व्यासाचा आणि ७५ मिलिमीटर उंचीचा. त्याच्या कडेचा घेर साधारण १११७ मिलिमीटर, म्हणजे गाळणीचं बाहेरचं क्षेत्र ८३८ चौरस सेंटिमीटर. उंची ५० वर आणली तर ते ५५९ वर येतं. तिसरा हिस्सा गेला, आणि तो मोठं इंजिन बसवल्यावर. वर झाकण कार्ब्युरेटरच्या तोंडाच्या फारच जवळ येतं. यात मिळणारे २५ मिलिमीटर कामाचे होते, पण किंमत चुकीच्या जागी मोजावी लागत होती.

उरला स्कूप. इथे मात्र एक अडचण आली. बॉनेटच्या आतल्या बाजूला मजबुतीसाठी फायबरच्या फासळ्यांची चौकट चिकटवलेली होती. १४ इंची फिल्टर हलायला जागा ठेवून भोक पाडायचं तर ते ४०० मिलिमीटरपर्यंत जात होतं आणि दोन फासळ्या तुटत होत्या. कारागीर म्हणाला, "काका, या दोन कापल्या की बॉनेट पापडासारखं वाकेल. भोक लहान करा, नाहीतर फिल्टर बदला."

तोच मार्ग निघाला. स्कूपमुळे उंची मिळणारच होती, मग रुंद आणि बुटका फिल्टर कशाला? १० इंच व्यासाचा, १०० मिलिमीटर उंचीचा फिल्टर घेतला तर क्षेत्र सुमारे ७९८ चौरस सेंटिमीटर होतं, जुन्यापेक्षा जेमतेम पाच टक्के कमी. भोक ३०० मिलिमीटरच्या आसपास राहतं आणि फासळ्या वाचतात. आणखी एक फायदा असा की इंजिन झुकतं तेव्हा कडेचं उचलणं मध्यापासूनच्या अंतरावर अवलंबून असतं. १७८ मिलिमीटरवरची कड १२७ वर आली की तेवढ्याच झुकण्यात ती पूर्वीच्या सुमारे ७१ टक्केच वर येते.

पुठ्ठ्याचा स्कूप

स्कूपची जागा कागदावर ठरवायची नाही, हा कारागिराचा हट्ट. त्याने पुठ्ठ्याचा स्कूप करून बॉनेटवर चिकटवला आणि मालकांना सीटवर बसवलं. आधी ठरवलेली उंची रस्त्याचा जवळचा भाग झाकत होती. स्कूप थोडा पुढे सरकवून आणि मागचा उतार लांबवून तो प्रश्न सुटला. पुढचं तोंड उघडं ठेवायचं ठरलं, पण खाली फिल्टरभोवती ॲल्युमिनियमचा तबक बसवून त्याच्या कडेला रबरी सील लावायचं, म्हणजे बाहेरची थंड हवा फक्त फिल्टरला जाईल. पावसाचं पाणी तबकातून निघून जावं म्हणून मागच्या कोपऱ्यांत भोकं आणि त्यांना नळ्या.

स्कूपच्या तोंडाची कड किती गोल ठेवायची हेही इथेच ठरलं. ब्रिटनमध्ये अशा एकट्या-दुकट्या गाड्यांच्या तपासणीत बाहेरून लागू शकणाऱ्या कडांना किमान २.५ मिलिमीटर त्रिज्या लागते. नियम देशोदेशी वेगळे आहेत, पण अंगावर येणारी धारदार कड कुठेच चालत नाही. बॉडी तयार झाल्यावर कड गोल करायला गेलं की रंग पुन्हा मारावा लागतो, म्हणून ही चौकशी पुठ्ठ्याच्या टप्प्यावरच केलेली बरी.

दुसरा निर्णय: कोणतं रेझिन

फायबर म्हणजे काचेचे धागे आणि त्यांना घट्ट धरणारं, सुकून कडक होणारं रेझिन. कारागिराचा हात पॉलिएस्टर रेझिन आणि चॉप्ड मॅटवर (काचेच्या तुटक धाग्यांच्या चादरीवर) बसलेला. बॉनेटही त्याचंच बनलेलं. पण जुन्या, पूर्ण सुकलेल्या पॉलिएस्टरवर नवा थर रासायनिक बंध करत नाही, फक्त घासलेल्या पृष्ठभागाला धरून बसतो, आणि त्या कामात इपॉक्सी हे दुसरं रेझिन जास्त पक्कं चिकटतं. सांध्यावर इंजिनाची ऊब, कंपनं आणि बॉनेट आपटणं हे सगळं येणार होतं. इपॉक्सी घ्यायचं ठरलं.

त्यासोबत दोन पथ्यं आली. साध्या मॅटमधले धागे एकत्र धरणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या रसायनात विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे तशी मॅट नीट भिजत नाही. म्हणून मॅट बाजूला ठेवून शिवलेलं बायॲक्सियल (दोन दिशांच्या धाग्यांचं) काचेचं कापड वापरलं. दुसरं, सुकलेल्या इपॉक्सीवर कधी कधी मेणचट थर येतो. तो पाण्याने धुऊनच काढायचा, मग घासायचं. न धुता पॉलिश पेपर मारला तर तो थर खरवडलेल्या रेघांत भरतो आणि वरची पुट्टी पुढे सुटते.

प्रत्यक्ष काम

बॉनेट गाडीवर लॅच करूनच कापलं. टेबलावर काढून कापलं असतं तर कापताक्षणी त्याने स्वतःचा आकार शोधला असता. वरून दोन लाकडी पट्ट्या आडव्या चिकटवल्या, कापायच्या रेषेवर मास्किंग टेप लावली, कोपऱ्यांत आधी गोल भोकं पाडली आणि मग पातळ डायमंड चकतीने रेषा जोडल्या. चौकोनी कोपरा ठेवला की भेग तिथूनच सुरू होते.

बॉनेटची कातडी, म्हणजे फायबरचा वरचा पत्रा, ४ मिलिमीटर जाड होती. सांध्यासाठी कड तिरपी घासायची ती १ ला १२ या प्रमाणात, म्हणजे चारही बाजूंना ४८ मिलिमीटर रुंद उतार. हे ऐकायला सोपं आहे, पण हातातला ग्राइंडर फायबरमध्ये लोण्यासारखा शिरतो. कारागीर दर वेळी पेन्सिलीने आडव्या रेघा मारायचा आणि त्या सगळ्या एकसारख्या पुसल्या जाईपर्यंतच घासायचा. थर उघडे पडले की उतारावर डोंगराच्या नकाशासारखे पट्टे दिसतात. पट्टे समांतर असतील तर उतार बरोबर. फायबरची धूळ नाकात गेली की दिवसभर आठवण राहते, म्हणून धुळीचा चांगला मास्क, पूर्ण बाह्या आणि मागे व्हॅक्यूम.

जाळ्यासारख्या भेगांवर मालकांना फक्त पुट्टी आणि रंग हवा होता. कारागिराने जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत वरचा थर) खरवडून पाहिला, तर दोन भेगा खालच्या काचेच्या थरापर्यंत गेल्या होत्या. त्या घासून काढून कापड बसवलं. नुसत्या पुट्टीखाली अशी भेग काही महिन्यांत परत डोकं वर काढते.

फेंडरच्या जाळ्या आरपार कापणं हे तुलनेने किरकोळ काम निघालं. आतल्या पत्र्यालाही समोरासमोर खिडकी पाडली. चाकाने उडवलेले खडे आत येऊ नयेत म्हणून बारीक जाळी लावली.

फटींचं काम सगळ्यात शेवटी, आणि गाडी स्वतःच्या चाकांवर, टाकीत पेट्रोल, सीटवर माणसाइतकं वजन ठेवून केलं. स्टँडवर जुळवलेली फट गाडी खाली उतरली की बदलते. आधी बिजागरी आणि लॅच जुळवले, तेवढ्यानेच ९ ची फट ७ वर आली. उरलेल्या जागी बॉडीच्या कडेला गुळगुळीत पॅकिंग टेप लावून इपॉक्सीत काचेची भुकटी घट्ट कालवून बॉनेटची कड वाढवली, आणि नंतर ठरावीक जाडीची पट्टी फटीत फिरवत घासली. शेवटी ५ मिलिमीटर हवी होती, म्हणून कच्च्या अवस्थेत ती थोडी मोठी ठेवली. फायबरवर हाय-बिल्ड (जाड थराचा) प्रायमर, रंग आणि लॅकर मिळून दोन्ही कडांवर चांगलीच जाडी चढते.

निष्पत्ती

मातीचे गोळे पुन्हा लावले. उभ्या गाडीत ३० मिलिमीटरच्या आसपास जागा, जोरात चालवून आल्यावरही डाव्या बाजूचा गोळा शाबूत. ठक् आवाज गेला. तापल्यावर सुरू न होण्याची तक्रार जवळपास संपली. ती फेंडरच्या जाळ्या उघडल्या त्याच आठवड्यात, म्हणजे स्कूप बसायच्या आधीच कमी झाली होती. लूव्हर पाडलेच नाहीत.

गाडीला गडद निळा रंग दिला. पुढच्या उन्हाळ्यात ऊन तिरपं पडलं की स्कूपभोवती एक फिकट रेघ दिसायला लागली, बरोबर जिथे तिरपा सांधा संपतो तिथे. हाताला लागत नाही, फोटोत येत नाही, पण एकदा दिसली की नजर तिथेच जाते.

वेगळं काय करता आलं असतं

रेघेचं कारण सांध्याच्या ताकदीत नाही. साध्या तापमानाला सुकलेलं इपॉक्सी पुढे जास्त उष्णता मिळाली की थोडं आणखी पक्कं होतं आणि किंचित बसतं. गडद रंगाचं बॉनेट उन्हात आणि इंजिनावर सहज तेवढं तापतं. म्हणजे रंग मारल्यानंतर बॉनेटची शेवटची भट्टी गाडीवरच झाली. रंगाआधी बॉनेट गाडीवर बसलेल्या आकारातच आधार देऊन, दिव्यांच्या किंवा हीटरच्या तंबूत हळूहळू तापवलं असतं, किंवा नुसत्या प्रायमरमध्ये एक उन्हाळा चालवून मग पुन्हा घासलं असतं, तर ही रेघ रंगाखाली आली नसती. कारागिराने प्रायमरचा मार्ग सुचवला होता. मालकांना गाडी एका मेळाव्याला न्यायची होती. मी त्यांना दोष देत नाही, पण निर्णय तारखेने घेतला हे नोंदवून ठेवायला हवं. फिका रंग निवडला असता तरी परिणाम बराच सौम्य झाला असता.

दुसरा मुद्दा क्रमाचा. स्कूपची उंची ठरवण्याआधीच फेंडरच्या जाळ्या उघडून गाडी काही दिवस चालवली असती, तर फक्त उंचीची गरज समोर ठेवून कदाचित आणखी बुटका स्कूप पुरला असता. मालकांना विचारलं तर ते म्हणतात, स्कूप तरीही याच उंचीचा हवा होता. दिसण्यासाठी केलेल्या कामाला कामाचं कारण चिकटवायची गरज नसते, फक्त दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवावा.

वजनाकडे मात्र कुणाचंच लक्ष नव्हतं. स्कूप, तबक आणि सांध्याचे थर मिळून बॉनेट बरंच जड झालं आणि बॉनेट उघडं धरून ठेवणारा जुना गॅस स्ट्रट ते पेलेना. मालकांनी बराच जास्त ताकदीचा स्ट्रट आणला. तो बंद बॉनेटला एका बाजूने सतत वर ढकलू लागला आणि जुळवलेली फट त्या कोपऱ्यात पुन्हा २ मिलिमीटरने उघडली. शेवटी दोन्ही बाजूंना एकेक कमी ताकदीचा स्ट्रट लावून फट जागेवर आली.